काटा चाळीसवर

आंबेवाडीत गोठ्यामागं ती उभी होती,
चाकं मातीत, बॉनेटवर वैरणीचा भारा.
केबिनमध्ये स्टिअरिंगखाली
एक खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली.
म्हातारा म्हणाला, "पिकअप न्या,
पण हिला उठवायचं न्हाई."
पैसे मोजून दिले आणि आम्ही
पिल्लं निघेपर्यंत सतरा दिवस थांबलो.

त्रेसष्टचं मॉडेल. डोळे गेलेले, दात शाबूत.
शिवाजी पुलावरून ट्रॉलीवर बसून आली
तेव्हा मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या.
शैलजा दारात. "भंगारवाला घर चुकला काय?"
आणि स्वतःची स्कूटर बाहेर काढून
तिनंच जागा करून दिली.

दाराचा पत्रा उलगडला तर आत
महापुराचा गाळ, वडीसारखा कापावा असा,
त्यात एक शिंपला आणि उसाचं पातं.
स्पीडोमीटरच्या काचेत पाण्याची आडवी रेघ,
काटा चाळीसवर अडकलेला.
पाण्यात उभी राहून ती
कुठं निघाली होती चाळीसनं?

मॅनिफोल्ड तडकलेला.
पार्ट विचारला तर पुण्याचा दुकानदार फोनवर हसला.
मग उद्यमनगरात आण्णू सुतार,
सागवानी ठोकळा मांडीवर घेऊन बसले.
त्यांची फूटपट्टी वेगळीच,
तिच्यावरचा इंच इंचापेक्षा केसभर मोठा.
"बीड थंड हुताना आकसतं, म्हणून."
म्हटलं, आण्णू, ही पट्टी
आमच्या वाटणीला आणायला पायजे होती.
ते हसले नाहीत. रंधा फिरवत राहिले.
शिरोलीला वाळूत साचा दाबला, रस ओतला,
चौथ्या दिवशी मी तो पार्ट
गरम भाकरीसारखा टॉवेलात गुंडाळून घरी आणला.

प्रणितला ती काळी हवी. मॅट. रुंद टायर,
कपाळावर लाइटची पट्टी, सीटखाली वूफर.
मला होती तशी.
"होती तशी म्हणजे कधीची, पप्पा?"
उत्तर नव्हतं.
डिस्क ब्रेकवर आमचं जमलं,
पॉवर स्टिअरिंगवर माझ्या खांद्यानं हार मानली,
रंगावर मात्र आठ दिवस अबोला.
ताटं तीन, बोलणारी एक शैलजा.

अबोल्यातच पॉलिश पेपर चालू होता.
निळ्याखाली शेंदरी, शेंदरीखाली पिस्ता,
आणि पिस्त्यावर, डाव्या दारावर,
हातानं काढलेली वळणदार अक्षरं:
मिरजे आणि मंडळी, बर्फवाले.

तेव्हा कळलं
हौद्याच्या कुजक्या फळ्यांना चौदा भोकं का होती.
मी ती उंदरांच्या नावावर घातली होती.
मुसा शिकलगार लेथ बंद करून बघायला आला,
अक्षरांवरून काळं बोट फिरवत म्हणाला,
"लाकडाच्या भुशातला बर्फ, लगा.
पाच पैशाला मूठभर.
गाडीमागनं रस्त्यावर वल्ली रेघ जायाची,
आम्ही पोरं त्या रेघंवरनं अनवाणी."

रात्री कधीतरी ड्रिलचा आवाज आला.
खिडकीतून पाहिलं.
प्रणितनं नव्या फळ्या पसरल्या होत्या,
जुन्या त्यांच्यावर ठेवून पेन्सिलनं खुणा केल्या होत्या,
आणि एकेक भोक पाडत होता.
मोबाइलचा उजेड दातात धरलेला.
आम्ही काय बर्फ वाहणार आहोत थोडाच.
मी मोजत उभा राहिलो. चौदा झाली
तेव्हा अंथरुणात जाऊन झोपल्याचं सोंग घेतलं.

रंग शेवटी पिस्ताच. टप तेवढा काळा.
अक्षरांना हात लावला नाही,
वरून नुसता लॅकर.
वूफरही बसला; त्याबद्दल मी काही बोलत नाही.

पहिल्यांदा निघालो ते आंबेवाडीलाच.
म्हातारा गाडीभोवती दोनदा फिरला,
वाकून स्टिअरिंगखाली बघितलं,
जणू काही राहिलंय का आत.
मग घरात गेला आणि
रुमालात बांधून अंडी आणली, सहा.
शैलजानं ती मांडीवर घेतली.

काच बदलली नाही. काटाही तसाच.
किती वेगानं परत आलो ठाऊक नाही.
एकही फुटलं नाही.